एका पोस्टचे चौदा महिने

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला एका अनोळखी ग्रामसेवकाचा फोन आला. माझा नंबर त्याला कुणी दिला ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "मॅडम, कारणे दाखवा नोटीस आलीय. फेसबुकवर लिहिलं म्हणून. चोवीस तासांत खुलासा द्या म्हणतायत. काय लिहू?" आवाज अगदी माझाच होता, चौदा महिन्यांपूर्वीचा. तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा लिहूनच ठेवावं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात तलाठी आहे. आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कुणाच्या तोंडी ते अजून बसलेलं नाही. नोकरीला नऊ वर्षं झालेली. सेवापुस्तकात तोवर एकही लाल शेरा नव्हता. हे कौतुकानं सांगत नाही. पुढे खुलाशात हीच ओळ मी चार वेळा लिहिली आणि चारही वेळा कुणी वाचली नाही, म्हणून सांगतेय.

२०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड भागात जो पाऊस झाला तो इकडच्या लोकांना आठवत असेल. २ तारखेला पोळा होता. बैल सजवायचे सोडून लोक शेतात पाणी बघत उभे होते. दुसऱ्या दिवसापासून पंचनामे सुरू झाले. तेव्हा जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरच्या मर्यादेत, असा दर होता. पद्धत अशी: पंचनामा करायचा, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, खातं पोर्टलवर भरायचं, वरून मंजुरी आली की प्रत्येकाचा विशिष्ट क्रमांक तयार होतो, मग शेतकऱ्यानं केंद्रावर जाऊन ई-केवायसी करायची, मग पैसे. यातली एक कडी अडली की पुढचं सगळं अडतं, आणि गावाला त्यातली एकच कडी दिसते, ती म्हणजे तलाठी.

महालक्ष्म्या झाल्या, विसर्जन झालं. माझ्या सज्जातल्या, म्हणजे माझ्याकडं असलेल्या गावांतल्या, अकराशेच्या वर नावांची यादी तीन रात्री जागून भरली. दिवसा पोर्टल उघडतच नव्हतं, म्हणून रात्री. १९ सप्टेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी उघडून बघितलं तर भरलेल्या नोंदी शून्य. रात्री अकरा वाजता मी माझ्या खासगी फेसबुक खात्यावर हे लिहिलं:

"सोयाबीन पाण्यात, याद्या सर्व्हरात आणि शिव्या तलाठ्याला. तीन रात्री भरलेलं आज शून्य दिसतंय आणि वरून रोज एकच विचारणा, किती टक्के झालं. हे ज्यांनी बांधलं त्यांनी एकदा माझ्या सज्जावर येऊन एक पंचनामा भरून दाखवावा. शेतकरी बांधवांनो, तुमची यादी अडलीय, अडवलेली नाही. दोन दिवस धीर धरा."

सोबत लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो टाकला. ही चूक होती. ती कशी, ते पुढे येईलच.

सकाळी उठले तोवर त्या पोस्टचा स्क्रीनशॉट तालुक्यातल्या तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता. शनिवारी एका यूट्यूब चॅनलवाल्यानं बातमी केली, "तलाठ्यानेच काढले वाभाडे". सर्कल साहेबांचा, म्हणजे आमच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्यांचा, फोन आला. "ताई, आधी ते काढून टाक, मग बोलू." मी काढून टाकलं. तेही चुकलं. पोस्ट काढली की दोन गोष्टी होतात: तुम्हाला चूक कबूल आहे असा अर्थ निघतो, आणि तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं याचा पुरावा फक्त समोरच्याकडं राहतो.

सोमवारी, २३ तारखेला नोटीस. चोवीस तासांत खुलासा सादर करा, अन्यथा काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरले जाईल. तक्रार कुणाची, ती नोटिशीत नव्हती. स्क्रीनशॉट जोडला होता, झेरॉक्सची झेरॉक्स. मी घाबरून दीड पानाचा खुलासा लिहिला. "भावनेच्या भरात", "अनवधानाने", "यापुढे असे होणार नाही", "माफ करावे". वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी वाचून एवढंच विचारलं, "तू लिहिलंस ते खोटं होतं का?" मी म्हटलं, नाही. "मग माफी कशाची मागतेयस?" मला तेव्हा त्यांचा राग आला. बोलायला यांचं काय जातं, असं वाटलं. पुढे तो खुलासा दोषारोपपत्रात पुराव्याच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला.

नोटीस आली की पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी करा. तक्रारीची व पुराव्याची प्रत मागणारा आणि मुदतवाढ मागणारा अर्ज द्या, आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. अर्ज फेटाळला तरी चालेल. मागितल्याची नोंद राहते.

२७ तारखेला, शुक्रवारी, निलंबनाचा आदेश आला. तलाठ्याचे नियुक्ती प्राधिकारी प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, त्यामुळे सही त्यांचीच. घेऊन आला तो माझ्याच सज्जाचा कोतवाल. दारात उभा राहिला, आत येईना. चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाला. तो रोज माझ्या हाताचा चहा प्यायचा. कागद पुढं केला आणि पोचेवर सही घेताना त्याचाच हात थरथरत होता. आदेशात शिस्त व अपील नियमांतला नियम ४, चौकशी प्रस्तावित असल्याने, निलंबन काळातलं मुख्यालय दुसऱ्या तालुक्याची तहसील, घरापासून ६२ किलोमीटर, पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये. सासूबाईंनी शेजारणीला "ट्रेनिंगला चाललीय" असं सांगितलं. दोन दिवसांनी शेजारणीनंच मला तो यूट्यूबचा व्हिडिओ दाखवला.

निलंबन ही शिक्षा नाही, असं नियमात म्हटलं जातं. कागदावर ते खरंच आहे. माझं मूळ वेतन ३३,३००. निर्वाह भत्ता म्हणजे अर्धपगारी रजेच्या वेतनाएवढा, १६,६५० आणि त्यावरचा महागाई भत्ता, जो तेव्हा ५० टक्के होता. सोसायटीचा हप्ता ११,२००. बाकीचं तुम्हीच करा. शिवाय हा भत्ता आपोआप येत नाही. दुसरीकडं कुठं नोकरी-व्यवसाय करत नाही, असं प्रमाणपत्र दर महिन्याला द्यावं लागतं. मला हे ऑक्टोबर संपेपर्यंत कुणी सांगितलं नाही. आस्थापनेच्या लिपिकाला विचारलं तर म्हणाला, "तुम्ही दिलंच नाही ना." दिवाळी कोरडी गेली. पहिला भत्ता नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. तेव्हा निलंबनाच्या पहिल्याच दिवशी हे प्रमाणपत्र लिहून द्या. आणि तीन महिने उलटल्यावर, उशीर तुमच्यामुळं झालेला नसेल, तर भत्ता वाढवून मागता येतो. तोही मागितल्याशिवाय मिळत नाही.

प्रवासात एक बरं झालं, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळी कचेरी निवडणुकीत बुडाली. माझी फाइल कुठल्या टेबलावर आहे हे सांगायलाही कुणी जागेवर नसे. सहकारी रात्रंदिवस मतदान केंद्रांच्या कामात, आणि मी परक्या तहसिलीतल्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा निवडणूक ड्युटी नाही याचं दुःख झालं.

त्या दिवसांत दोन कामं झाली. माझ्या भाच्यानं सांगितलं की फेसबुकवरून काढलेली पोस्ट तीस दिवस ट्रॅशमध्ये राहते. आम्ही बघितलं तेव्हा सत्ताविसावा दिवस होता! पोस्ट परत मिळवली, फक्त मला दिसेल अशी ठेवली आणि तारीख-वेळेसकट तिचे प्रिंट काढले. तेव्हा लक्षात आलं की नोटिशीला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये शेवटच्या दोन ओळी नव्हत्याच. शेतकऱ्यांना धीर धरा म्हटलेल्या. कुणीतरी तिथंच कात्री लावली होती.

दुसरं काम म्हणजे बचाव सहाय्यक शोधणं. विभागीय चौकशीत वकील सहसा लावता येत नाही. सादरकर्ता अधिकारी, म्हणजे शासनाची बाजू मांडणारा, स्वतः कायद्याचा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. पण दुसरा शासकीय कर्मचारी किंवा निवृत्त कर्मचारी मदतीला घेता येतो. मला एक निवृत्त नायब तहसीलदार भेटले, आम्ही त्यांना काका म्हणतो. फी घेतली नाही, फक्त येण्याजाण्याचा खर्च. पहिल्याच भेटीत म्हणाले, "पोरी, रडायचं ते आजच रडून घे. उद्यापासून फक्त कागद."

दोषारोपपत्र १२ डिसेंबरला आलं. निलंबनाचा तो ७६ वा दिवस. अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये म्हटलंय की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढं चालू ठेवू नये, आणि त्यावरून आपल्याकडं ९ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. मी नव्वद दिवस मोजत बसले होते. कचेरीतही कुणीतरी मोजत होतं.

दोषारोपपत्र म्हणजे जोडपत्र एक ते चार: दोष काय, त्याचं विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. माझ्यावर दोन दोष. पहिला, समाजमाध्यमावर शासनाच्या कामकाजावर टीका करून शासकीय कर्मचाऱ्यास न शोभणारं वर्तन केलं. वर्तणूक नियम १९७९, नियम ३. दुसरा, शासकीय माहिती परवानगीशिवाय उघड केली. फोटो मोठा करून बघितला तर चौदा शेतकऱ्यांची नावं आणि त्यातल्या सहा जणांचे खाते क्रमांक वाचता येत होते.

दुसरा दोष वाचून मान खाली गेली. ते खरं होतं. माझा हेतू काही असो, त्या सहा माणसांचे खाते क्रमांक गावभर फिरवायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. यासाठी मला बोलावून झापलं असतं, ठपका ठेवला असता, तर मी मुकाट घेतला असता. काका म्हणाले, हे लेखी मान्य कर, फोटो गोपनीय आहे हे लक्षात आलं नाही असं स्पष्ट लिही आणि त्यावर वाद घालू नकोस. तसंच केलं.

पण पहिला? "न शोभणारं" म्हणजे काय हे नियम ३ मध्ये कुठं लिहिलेलं नाही. १९७९ चा नियम आहे, तेव्हा तालुक्यात ट्रंक कॉल लावावा लागायचा. त्यात फेसबुक बसवायचं तर कुठवर ताणायचं, हे प्रत्येक कचेरी आपापलं ठरवणार. आमच्याच तालुक्यात योजनेच्या जाहिरातीचं चित्र स्टेटसला ठेवा, असा निरोप ग्रुपवर यायचा, खासगी मोबाइलवर, खासगी नंबरवर. तेव्हा आमचं खासगी खातं शासनाच्या कामाचं होतं. रील बनवणारेही होते, शासकीय गाडीच्या बॉनेटवर बसून. त्यांना कुणी नोटीस दिल्याचं मला माहीत नाही. माहिती अधिकारात, दहा रुपयांचं तिकीट लावून, विचारलं की उपविभागात समाजमाध्यमांवरून किती जणांवर कारवाई झाली. उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.

आणखी एक खटकलं. एवढ्याशा गोष्टीला शिस्त व अपील नियमांतल्या नियम १० ची, म्हणजे किरकोळ शिक्षेची छोटी कार्यवाही पुरली असती. खुलासा, निर्णय, संपलं. माझ्यावर नियम ८ लावला, मोठ्या शिक्षेचा, ज्यात माणूस बडतर्फही होऊ शकतो. रात्री दोनला जाग आली की हा आठचा आकडाच डोळ्यांपुढं यायचा.

२० जानेवारी २०२५ ला आढावा समितीच्या शिफारशीवरून पुनःस्थापना मिळाली. ११५ दिवसांनी. सज्जावर नाही, तहसिलीत, अकार्यकारी पदावर. चालेल म्हटलं. पगार पूर्ण सुरू झाला.

चौकशी फेब्रुवारी ते एप्रिल चालली. सात तारखा, त्यातल्या तीन नुसत्याच पुढं ढकललेल्या. प्रत्येक तारखेला रोजनामा लिहिला जातो आणि त्यावर सही घेतात. सही करण्याआधी पूर्ण वाचा. एकदा त्यात "अपचारी यांनी कागदपत्रे पाहिली व समाधान व्यक्त केले" असं लिहिलं होतं. मी कागदपत्रं बघितली होती, समाधान व्यक्त केलं नव्हतं. काकांनी ते वाक्य खोडायला लावलं. आणि हो, त्या सगळ्या कागदांत तुम्ही "अपचारी" असता, म्हणजे ज्याच्यावर दोष ठेवलाय तो. पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा येतो, मग सवय होते.

साक्षीदार एकच, स्क्रीनशॉटचं प्रिंट काढणारा लिपिक. बिचारा भला माणूस, माझ्याबरोबर डबा खाणारा. उलटतपासणी काकांनी घेतली, जेमतेम दहा मिनिटं.

"पोस्ट आपण फेसबुकवर स्वतः उघडून पाहिली का?"

"नाही. व्हॉट्सॲपवर आली होती."

"कुणाकडून?"

"ग्रुपवर. नेमकं आठवत नाही."

"ती पूर्ण आहे की कापलेली, याची खात्री केली?"

"नाही."

"पोर्टल त्या आठवड्यात बंद होतं का?"

इथं सादरकर्ता अधिकाऱ्यांनी हरकत घेतली: हा प्रश्न दोषारोपाशी संबंधित नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी ती मान्य केली. रोजनाम्यात प्रश्न आणि हरकत दोन्ही नोंदवून घेतल्या, बस.

चौदा महिन्यांत मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. मी लिहिलं ते खरं होतं की खोटं, हा प्रश्न कुठल्याच टप्प्यावर कुणी विचारला नाही, आणि आम्ही विचारला तर तो गैरलागू ठरला. शासकीय कर्मचाऱ्याला बंधनं असावीत, हे मला मान्य आहे. मी कुठल्या पक्षाचा प्रचार केला असता, कुणाच्या जातीधर्मावर लिहिलं असतं, तर नोकरी गेली तरी तक्रार नव्हती. पण काम का अडलंय हे ज्यांचं काम अडलंय त्यांनाच सांगणं, आणि शासनाची बदनामी करणं, यांतला फरक ठरवायचा तर आधी खरंखोटं बघावं लागेल की नाही?

बचावाच्या निवेदनात आम्ही त्रिपुरा उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा निकाल जोडला. तिथल्या मत्स्य विभागातल्या एक बाई, निवृत्तीला काही दिवस उरले असताना निलंबित झालेल्या. आरोप राजकीय सभेला हजर राहिल्याचा आणि फेसबुकवर लिहिल्याचा. मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी दोषारोप रद्द केला. सरकारी नोकरी लागली म्हणून भाषणस्वातंत्र्य संपत नाही, ते फक्त वैध कायद्यानंच मर्यादित करता येतं, असं त्यात स्पष्ट आहे. कुरेशी त्याआधी मुंबई उच्च न्यायालयातही न्यायमूर्ती होते. काकांनी हे चौकशी अधिकाऱ्यांना मुद्दाम सांगितलं. परिणाम शून्य. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल इथं बंधनकारक नसतो, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण जोडून ठेवा. चौकशीत न मांडलेला मुद्दा पुढं अपिलात किंवा मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) मांडायला गेलात की पहिला प्रश्न येतो, तेव्हा का नाही सांगितलं.

चौकशी अहवाल मे महिन्यात मिळाला. पहिला दोष अंशतः सिद्ध, दुसरा सिद्ध. "अंशतः" म्हणजे नेमका कुठला अंश, हे अहवालात नव्हतं. अहवालावर निवेदन द्यायला पंधरा दिवस मिळतात, तेही दिलं. ११ जुलैचा अंतिम आदेश १५ तारखेला हातात आला: एक वार्षिक वेतनवाढ एका वर्षासाठी रोखणे, पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता.

आणि दोनच आठवड्यांनी, २८ जुलैला, सामान्य प्रशासन विभागानं कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दलच्या सूचना काढल्या. खासगी आणि शासकीय खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, गणवेश, गाडी, इमारत यांचे फोटो-रील नकोत, गोपनीय कागद टाकू नका, आत्मस्तुती टाळा. कंत्राटी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे लोकही त्यात आले. एका मैत्रिणीनं ते पाठवून खाली लिहिलं, "तुझ्यामुळं निघालं का गं?" मी बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसले. माझा खटला संपल्यावर नियम काय ते लिहून आले होते. निदान बॉनेटवरची रीलं तरी थांबतील. टीका म्हणजे काय, हे मात्र तिथंही ज्याचं त्यानं समजून घ्यायचंय.

अपिलाची मुदत पंचेचाळीस दिवस. मी १८ ऑगस्टला जिल्हाधिकाऱ्यांकडं दाखल केलं. सप्टेंबरात पुन्हा पाऊस, पुन्हा पूर, सगळी यंत्रणा पुन्हा पंचनाम्यांत. मीही कचेरीतल्या टेबलावर इतरांच्या याद्या जमवत होते. ऑक्टोबरात सुनावणी झाली, वीस मिनिटं. १४ नोव्हेंबरला आदेश आला: वेतनवाढ रोखण्याची शिक्षा रद्द, त्याऐवजी दुसऱ्या दोषासाठी ठपका. पहिल्या दोषाबद्दल आदेशात एक ओळही नाही, ना सिद्ध, ना असिद्ध. मॅटमध्ये जायचं का, यावर घरात दोन दिवस खल झाला. काका म्हणाले, जिंकशील. वडील म्हणाले, जा. मी नाही गेले. आणखी दोन वर्षं "अपचारी" म्हणून राहण्याची ताकद नव्हती. याला कुणी भित्रेपणा म्हटलं तर माझी हरकत नाही.

वरचा खर्च म्हणाल तर झेरॉक्स, टायपिंग, प्रवास, वकिलाचा एकदा घेतलेला सल्ला (२,००० रुपये) धरून चौदा हजारांच्या आसपास. थकलेल्या हप्त्यांवरचं व्याज वेगळं. निलंबनाचे ११५ दिवस कर्तव्यकाळ धरावेत म्हणून १९८१ च्या नियमांतल्या नियम ७२ खाली अर्ज दिलाय. तो अजून आवकमध्ये आहे. दर सोमवारी विचारते.

ज्या सहा जणांचे खाते क्रमांक फोटोत दिसत होते, त्यांच्याकडं मी जानेवारीत पुनःस्थापना झाल्यावर जाऊन आले. पाच जणांना काय झालं तेच कळेना. सहावे आबा म्हणाले, "मॅडम, खातं दिसलं तर दिसलं. पैसं आलं ना."

त्या ग्रामसेवकाला मी सांगितलं की तुमचे नियम वेगळे. तुम्ही जिल्हा परिषदेचे, तुम्हाला १९६४ चे शिस्त व अपील नियम लागतात, माझ्या कागदांची नक्कल मारू नका. पोस्ट काढू नका म्हटलं, आज रात्रीच तारखेसकट प्रिंट काढा. खुलाशात माफी लिहिण्याआधी एक रात्र जाऊ द्या. आणि उद्या सकाळी कचेरी उघडल्याबरोबर तक्रारीची प्रत आणि सात दिवसांची मुदत मागा, पोच घ्या.

परवा त्याचा मेसेज आला. प्रत मिळाली नाही. मुदत मिळाली, तीन दिवसांची.